गंजलेली कॉन्टेसा, ४०२ मीटर आणि पुट्टीखाली झाकलेला पत्रा

स्पॅनर१४
परवा इथे एक लेख आला. भंगाराच्या भावात जुनी कॉन्टेसा गाडी उचला, गंज फक्त दिसायला वाईट असतो, फ्लोअरला वरून पत्रा मारा, हार्डवेअरच्या दुकानातून पाइप आणून केज (गाडी उलटली तर छत तोलणारा पाइपांचा पिंजरा) बसवा, जपानी टर्बो इंजिन टाका आणि उतरा ड्रॅग रेसला, म्हणजे धावपट्टीवर उभ्यातून सुटून ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीला. खाली "एक नंबर", "कडक" असे प्रतिसाद. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉन्टेसाला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. क्लच सोडला की मागचा ॲक्सल आर्ममधून बॉडीला पुढे रेटतो. ते आर्म जिथे धरलेत ते कोपरे आणि दाराखालचे सिल कुजलेले असतील, तर टर्बोची सगळी ताकद त्या कुजलेल्या पत्र्यावर येणार. मुंबई-कोकणात फिरलेल्या गाड्यांचा सिल आतून सडतो, बाहेर रंग शाबूत. चुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. तिथे पेचकस टोचून बघा. मग दार उघडून जॅक लावा. दाराची फट बदलायला लागली तर ती बॉडी वजन पेलत नाही, हे पक्कं समजा.

अशा फ्लोअरवर केज बसवली तर गाडी उलटताना पाइपचा पाय फ्लोअर फोडून खाली जातो आणि छत डोक्यावर येतं. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमात युनिबॉडी (वेगळी चासी नसलेल्या) गाडीला प्रत्येक पायापाशी ६ बाय ६ इंचाच्या, १/८ इंच जाड प्लेट लागतात, फ्लोअरच्या वर एक आणि खाली एक. मधे धड पत्रा नसेल तर त्या प्लेट धरणार कशाला? आणि पाण्याचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप केजला वापरू नका, हात जोडतो. वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीत जातो तो वेगळाच. सीडीएस म्हणजे बिनजोड पोलादी पाइप बाजारात मिळतो.

काम करायचंच तर गाडी समपातळीत उभी करा, दारांच्या चौकटीत अँगल टाकून बांधून घ्या, आणि एका वेळी एकाच बाजूचा सिल कापा. चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापा. १.२ मिमीचा सीआरसी पत्रा घ्या आणि सीओटूनेच (विजेच्या तारेच्या वेल्डिंगने) प्लग वेल्ड (भोकातून टाका) मारा, ॲसिटिलीनच्या गॅसने नाही. त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आत वाफ असते. ब्रेकचे लोखंडी पाइप सगळे नवे. इंजिनाचा विचार त्यानंतर.

टर्बोभाऊ
लेख माझा होता. एनएचआरएचं नाव घेताय तर पूर्ण घ्या. रोल बार (केजचा साधा प्रकार) सक्तीचा होतो तो ४०२ मीटरला ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी घेणाऱ्या गाडीला. माझी गाडी इंजिन बदलून चौदा सेकंदांच्या आसपास आली तरी मी पेढे वाटीन. नियम केज मागतच नाही, तर पाइप कुठला यावर एवढी आदळआपट कशाला? तुमच्यासारखे लोक घाबरवतात, मग पोरं धावपट्टीकडे न फिरकता रात्री पाम बीच रोडवर गाड्या पळवतात.

स्पॅनर१४
नियम धड बॉडी गृहीत धरतो. सडका फ्लोअर तपासणीत दिसला तर सेकंद विचारत कोणी बसत नाही, गाडी परत पाठवतात. माझ्या ओळखीच्या एकाने सीटखाली पत्र्याचं ठिगळ मारलं होतं. पहिल्याच लाँचला (सुटतानाच्या झटक्याला) ठिगळ उखडलं आणि सीट मागे कलंडली. हातातलं स्टिअरिंग सुटलं, नशीब की शेजारची लेन रिकामी होती. ती गाडी चौदाच काय, सतराचीही नव्हती.

कोल्हापूरकर
बाकी सगळं ठीक, पण "गॅसने नाही" हे वाक्य मागे घ्या. माझ्या वडिलांनी हयातभर गॅसवर फियाट जोडल्या. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत चालल्या, त्यांचे फ्लोअर काय सीओटूने जोडले होते? गॅसचा जोड मऊ राहतो, हातोडीने घडवता येतो. सीओटूचा जोड ठणठणीत, शेजारून तडकतो.

डोंबिवलीकर
टॅक्सी वीस वर्षं सिग्नलला उभी राहायची हो, लाँच नाही मारायची. गॅसने हातभर पत्रा तापतो, तापला की वाकतो. सिल वाकला म्हणजे दारं लागत नाहीत. माझ्या एस्टीमची तीच गत झाली. मिस्त्री म्हणाला "साहेब, बसेल हळूहळू". बसलं नाहीच.

कोल्हापूरकर
मिस्त्री कच्चा होता, त्यात गॅसचा काय दोष? ओली चिंधी लावून, थोडं थोडं, आलटून पालटून जोडतात. व्हिडिओ बघून वेल्डिंग शिकलेल्यांना हे कोण सांगणार!

डोंबिवलीकर
व्हिडिओचं काढू नका. बारा तास शिफ्टमध्ये वेल्डिंगच करतो मी. पातळ पत्र्यावर टाका मारायचा, थांबायचं, दुसरीकडे मारायचा. जोड शेजारून तडकतो तो करंट जास्त ठेवल्यामुळे. तुमच्या वडिलांच्या हाताबद्दल आदर आहे, पण असा हात आज गल्लोगल्ली मिळत नाही. सीओटूवाला मिळतो.

जुनंतेसोनं
मुळात कॉन्टेसा कापायचीच कशाला? २००२ मध्ये उत्पादन थांबलं, धड गाड्या किती उरल्यात? एस्टीम कापा, झेन कापा. शिवाय इंजिन बदलून रस्त्यावर आणलीत तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत बदल करता येणार नाही असंच सांगितलं. आमच्या सोसायटीत असाच एक 'प्रोजेक्ट' ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं कुजतोय, मालक ना दुरुस्त करतो ना विकतो. बघवत नाही.

टर्बोभाऊ
भंगारात वितळण्यापेक्षा धावलेली बरी. आणि गाडी ट्रेलरवरून नेणार, रस्त्यावर चालवणार नाही.

कोल्हापूरकर
डोंबिवलीकर, हात मिळत नाही हे खरं आहे. वडिलांनंतर आमच्याही दुकानात सीओटूच आलं. पण जोड वाईट म्हणू नका, एवढंच.

डोंबिवलीकर
जोड वाईट म्हटलंच नव्हतं. ड्रॅगच्या सिलला नको म्हटलं, आणि ते अजूनही म्हणतो.

टर्बोभाऊ
तुमचं भांडण चालू असताना मी खाली जाऊन चुंबक फिरवून आलो. ड्रायव्हरच्या बाजूचा सिल हातभर धरत नाही. पेचकसही गेला. स्पॅनर१४, तुमचा सूर मला आजही पटत नाही, पण सिल कापतो. जीआय पाइप रद्द. मात्र चौदाच्या गाडीला बार लागत नाही, हे माझं म्हणणं कायम.

स्पॅनर१४
बार नका लावू, पण प्रोपेलर शाफ्टला लूप (तुटला तर शाफ्टला खाली पडू न देणारी कडी) लावा. पुढच्या क्रॉसपासून (युनिव्हर्सल जॉइंटपासून) ६ इंचांच्या आत. टर्बोच्या पहिल्या झटक्याला क्रॉस तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक खाली रुतून गाडीच उचलली जाते. आणि खांद्याचे बेल्ट बारऐवजी फ्लोअरला बांधायचा विचार असेल, तर बारबद्दल पुन्हा बोलू.

कोल्हापूरकर
पत्रा कापल्यावर आतल्या पेटीचे फोटो टाका. आतली पट्टी गेली असेल तर वरचा सिल बदलून काही उपयोग नाही.