आरएक्स १००: प्लग काळा, तरी फुल थ्रॉटलला खटखट. मेन जेट लहान करू का?

जांबोटी_रोड
गाडी यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक. आधीच्या मालकानं ऑइल पंप (इंजिनला आपोआप ऑइल देणारा) काढून ब्लँक केलाय, म्हणजे तिथं नुसतं झाकण लावलंय, म्हणून टाकीतच टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळतो. सेफ राहू दे म्हणून लिटरला ५० मिली. एअर बॉक्सच्या जागी ओपन फिल्टर, मागे चेंबर सायलेन्सर, कार्बोरेटरमधले जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) मात्र जुनेच. हाफ थ्रॉटलपर्यंत नुसता धूर सोडूलालीय, प्लग काळा-ओला. चढावर फुल दिली की हेडमधून खटखट आणि गाडी मागून कुणी धरल्यासारखी. प्लग काळा म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), मेन जेट (फुल थ्रॉटलचा) लहान कर म्हणतो मेस्त्री. करू का? पुढच्या महिन्यात बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला जायचंय.

उद्यमबाग_लेथ
अजिबात नको. पिस्टन सीझ होईल, म्हणजे तापून अडकेल.

तुमचा प्लग बहुतेक ऑइलनं काळा झालाय, पेट्रोलनं नव्हे. जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल जितकं जास्त, तितकं पेट्रोल कमी. शिवाय मिश्रण दाट होतं ते वेगळंच. म्हणजे ऑइल वाढवलं की गाडी हवा-पेट्रोलच्या हिशेबात लीन होते, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. त्यात ओपन फिल्टर आणि चेंबरनं हवा वाढवली आणि जेट तोच ठेवला. फुल थ्रॉटलची खटखट तिथूनच येतेय.

आधी ऑइल ठरवा. जॅसो एफसी किंवा एफडी (ऑइलचा दर्जा) लिहिलेलं टू-टी, लिटरला ३३ मिली, म्हणजे ३० ला १. पाच लिटरला १६५ मिली. मेडिकलमधली ५० ची सिरिंज घ्या, बाटलीच्या टोपणानं अंदाज नको. नवीन बोअर-पिस्टन असेल तर सुरुवातीच्या रनिंगपुरतं ४० मिली. एकदा ठरवलं की बदलायचं नाही, कारण जेटिंग त्याच प्रमाणावर बसतं.

निपाणी_टूटी
जेटला हात लावायच्या आधी एअर लीक (कुठून जादा हवा आत जातेय का) बघा, नाहीतर सगळी मेहनत फुकट. गाडी आयडलला असताना कार्बोरेटर आणि रीड (इंजिनच्या तोंडाचा व्हॉल्व्ह) यांच्यामधल्या रबराच्या कडेनं थोडं डब्ल्यूडी-४० मारा. आरपीएम बदलला तर रबर फाटलंय. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लागत असेल तर मॅग्नेटो (वीज बनवणारा भाग) बाजूचं क्रँक सील संशयित. क्लच बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं: पांढरा धूर आणि गिअर ऑइलची पातळी कमी. टाकीच्या झाकणाचं भोक आणि कॉकची जाळीही साफ हवी.

मग मेन जेट दोन नंबर मोठा टाका. फुल थ्रॉटलला ब्रर-ब्रर अडखळली की रिच झाली. तिथून एकेक नंबर खाली या. ड्रिल घालून जेट मोठा करू नका, भोक खरबडीत होतं आणि नंबराला अर्थ राहत नाही.

खात्री प्लग चॉपनं: नवा प्लग, रिकामा सरळ रस्ता, तिसऱ्या गिअरला फुल थ्रॉटल थोडा वेळ धरा, त्याच थ्रॉटलवर किल्ली बंद आणि त्याच क्षणी क्लच दाबा. प्लगचं टोक बघून उपयोग नाही. पोर्सेलिन आत जिथं बुडाशी संपतं तिथली रिंग टॉर्च मारून बघा. फिकट तपकिरी बरी, पांढरी म्हणजे लीन.

पाव ते पाऊण थ्रॉटल निडलकडे (कार्बोरेटरमधली सुई). क्लिप एक खाच वर सरकवली की निडल खाली बसते, म्हणजे लीन. तुमचा हाफ थ्रॉटलचा धूर ऑइल कमी करूनही राहिला तरच हे करा.

जांबोटी_रोड
आणि एअर स्क्रू (आयडलच्या हवेचा) कुठं ठेवू?

निपाणी_टूटी
इंजिन गरम असताना, सर्वात जास्त आरपीएम मिळेल तिथं. बाहेर काढला की लीन. अडीच फेऱ्यांच्या पुढे जावं लागलं तर पायलट जेट (आयडलचा) मोठा आहे, एका फेरीच्या आत राहिला तर लहान.

सुरलचा_उतार
चोर्ल्याबद्दल. बेळगाव साधारण साडेसातशे मीटरवर, गोव्यात खाली हवा दाट. इथं अगदी काठावर बसवलेला जेट तिथं लीन पडतो, म्हणून प्लग चॉपला बरोबर आला त्यापेक्षा एक नंबर मोठाच ठेवून निघा.

त्याहून मोठा धोका उतारावर. टाकीत मिसळलेल्या गाडीत थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद. आणि इंजिन ब्रेकिंगनं क्रँक मात्र पळत असतो. मधून मधून क्लच दाबून थ्रॉटल द्या. खरं सांगायचं तर पंप परत बसवा. तो इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, थ्रॉटल बंद असतानाही थोडं ऑइल देतच राहतो. बसवताना पाइपातली हवा ब्लीड स्क्रूनं पूर्ण काढा, आणि तोवर टाकीत मिक्स ठेवा. पंप चालू झाल्यावर साधं पेट्रोल घालाल तेव्हा प्लग चॉप पुन्हा करा, कारण आता जेटमधून ऑइल जाणार नाही.

आणखी एक, ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं). इथेनॉलचा ऊस आपल्याच भागातला, पण इथेनॉलनं मिश्रण लीनच होतं, म्हणून जेटिंग त्याच पेट्रोलवर करा. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोट बाऊल (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) रिकामा करा.