17 वर्षांच्या पोरानं गाडी अडवली. बरोबर केलं का?

डोंगरपट्टा (धारूर):
आमच्या गावची ऊसतोडीची टोळी पाडव्यानंतर सांगलीकडून परत आली, तेव्हापासून पारावर हाच विषय आहे. टोळीत आईबापाचा एक कोयता (नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता) आणि त्यांच्या 17 वर्षांच्या पोराचा अर्धा. जानेवारीत दुसऱ्या कोयत्यावरची एक बाई डोक्यावर मोळी घेऊन गाडीत चढताना फळीवरून घसरली, कंबर धरली, तीन दिवस कोपीत (खोपटात) पडून. मुकादमानं (टोळी नेणारा ठेकेदार) वहीत तीन खाडे मांडले, म्हणजे गैरहजेरीचा दंड, दिवसाला 500 रुपये प्रमाणं. बाई पोराच्या नात्यातली ना गोत्यातली. त्या रात्री दोनला गाडी भरायला आली तर पोरगं फळीवरच बसलं. "खाडे खोडा, मग भरतो." हळूहळू बाकीचेही खाली टेकले. पहाटे पाचला खाडे खोडले, गाडी भरली. मी म्हणतो, बरोबर केलं. मोठी माणसं मान खाली घालून बसली म्हणून लेकराला बोलावं लागलं.

मुकादमाचा पोरगा:
मुकादमाला शिव्या देणं सोपंय. माझ्या वडिलांनी 12 वर्षं मुकादमकी केली. कारखान्याच्या करारावर सही मुकादमाची, उचल (मजुरांनी हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे) बुडाली तर वसुली मुकादमाच्या दारात. एका वर्षी दोन कोयते रातोरात पळाले, आम्ही दीड एकर विकलं. खाडाच नसला तर थंडीत फडात कोण उतरंल? आणि तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं. पैसे टनावर, म्हंजे नुकसान सगळ्या टोळीचं. बाकीच्यांना विचारलं होतं का त्यानं?

वडवणीची लेक:
चार हंगाम आईसोबत फडात होते, तीन तासांत ऊस किती वाळतो ते मला सांगू नका. दोन कोयते पळाले त्याचा राग मोडलेल्या कमरेवर का काढायचा? 2019 ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर झाली. पाळीत खाडा पडू नये, हेही एक कारण बायका तेव्हा सांगत होत्या. ज्या 500 रुपयांना तुम्ही शिस्त म्हणताय ना, त्यांचा धाक असा असतो.

केजचा वकील:
उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवणं 1976 च्या वेठबिगारी कायद्यानं गुन्हा आहे. प्रशासनाकडे तक्रार करता येते. फळीवर बसायची गरज नव्हती. आणि 17 वर्षांचं पोरगं बारावीला पाहिजे, फडात नव्हे. त्याला शूर म्हणून आपण आपलीच लाज झाकतोय.

वडवणीची लेक:
वकीलसाहेब, शेवटचं वाक्य पटलं. पण रात्री दोनला परमुलखात, फोनला रेंज नाही, कुठल्या साहेबाचं दार वाजवायचं?

मुकादमाचा पोरगा:
पोराच्या बापाचं काय झालं ते मूळ धाग्यात का लिहिलं नाही?

डोंगरपट्टा:
लिहायला जीव होत नव्हता. मुकादमानं बापाला सांगितलं, पुढच्या साली तुला उचल नाही. पोरीचं लग्न त्याच उचलीवर ठरवलेलं. बापानं पोराला कोपीतच मारलं. बाप चुकला असं म्हणायला मी तयार नाही आणि पोरगं चुकलं असंही नाही. (मी स्वतः त्या वयात असतो तर गुमान मोळी उचलली असती.)

मुकादमाचा पोरगा:
हेच म्हणत होतो. दुसऱ्याच्या 1500 साठी स्वतःचं घर उसवलं.

वडवणीची लेक:
त्या बाईला तरी मिळाले का 1500?

डोंगरपट्टा:
न्हाई. वहीत खोडले, पण पट्टा पडल्यावर (हंगाम संपल्यावर) हिशेबाला परत धरले. पोरानं खोडलेल्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवलाय.

मुकादमाचा पोरगा:
फोटो इथं टाकू नका. वहीवर नाव असतं.