स्वतःच पुस्तकं काढून त्यावर घर चालतं का?

शाईचा_डाग:
नोकरी सोडून पूर्णवेळ लिहायचं डोक्यात आहे. केडीपीवर (अ‍ॅमेझॉनची स्वतःच पुस्तक काढून विकायची सोय) दोन कादंबऱ्या आहेत, तिसरी हातात. प्रकाशक ई-बुकच्या निव्वळ जमेवर साधारण २५% देतात, इथे ७०% मिळतात, मग मधला माणूस हवाच कशाला? वर्षाला चार पुस्तकं काढली की झालं. पटत नसेल तर बोला.

अर्धविराम:
नाही पटत. ७०% ऐकून सगळेच हुरळतात. तो दर ठरावीक किमतीतच मिळतो, डॉलरमध्ये २.९९ ते ९.९९, त्याच्या खाली किंवा वर गेलात की थेट ३५%. शिवाय ७०% वाल्यांकडून फाइलच्या वजनाप्रमाणे डिलिव्हरीचे पैसे कापतात, चित्रं जास्त असतील तर ते चांगलंच बोचतं. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ सगळं तुमच्याच खिशातून, आणि हे चारही पुस्तकांना करायचंय हां.

रातकिडा:
खर्च आहे, मान्य, पण अर्धविराम एका पुस्तकाचा हिशोब मांडतायत आणि इथे पैसा मालिकेत असतो. समजा पुस्तकामागे ३ डॉलर सुटतात आणि जाहिरात करून एक प्रत खपवायला ४ जातात. एकच पुस्तक असेल तर १०० प्रतींवर १०० डॉलरचा खड्डा. आता त्याच शंभरातले ५० जण दुसरा भाग घेतात, ४० जण तिसरा, म्हणजे ५७० आले आणि जाहिरातीचे ४०० गेले. जाहिरात तीच, पण १७० वर राहिले. सुट्या सुट्या कादंबऱ्या लिहिणाऱ्याला हे जमणं अवघड.

अर्धविराम:
५० जण दुसरा भाग घेतात हे तुम्ही गृहीत धरलंत! पहिला भाग घाईत उरकला असेल तर दहासुद्धा येत नाहीत. वर्षाला चार पुस्तकं म्हणजे तीन महिन्यांत लिहा, तपासा, छापा. कच्चा माल खपवून वाचक एकदाच फसतो.

चष्मेबहाद्दर:
तुम्ही दोघं वेगावर भांडताय, मला वेगळीच भीती वाटते. केडीपी सिलेक्ट या त्यांच्या ऐच्छिक योजनेत गेलात की ९० दिवस ई-बुक दुसऱ्या कुठल्याच दुकानात विकता येत नाही, अगदी स्वतःच्या साइटवरही नाही (छापील चालतं). बदल्यात किंडल अनलिमिटेडमध्ये (वाचक महिन्याची वर्गणी भरून त्यातली हवी ती पुस्तकं वाचतो) वाचलेल्या पानांवर पैसे, आणि पानाचा दर दर महिन्याला खालीवर. २०१५ च्या जुलैआधी पानं मोजतच नव्हते, एका ठरावीक टक्क्यापुढे वाचलं की पूर्ण पैसे, त्यामुळे छोटी छोटी पुस्तकं काढणाऱ्यांची चंगळ होती. नियम बदलला आणि त्यांचं गणित एका फटक्यात कोलमडलं. असल्या कमाईच्या जोरावर राजीनामा द्यायचा?

रातकिडा:
अहो पण नवख्याला सगळीकडे पुस्तक ठेवून विचारतंय कोण? अनलिमिटेडचा वाचक अनोळखी लेखकही उघडून बघतो, कारण त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. आधी तिथे नाव होऊ दे, मग सगळीकडे पसरा.

चष्मेबहाद्दर:
आणि नाव झाल्यावर वाचक कोणाचा? त्यांचे ईमेल दुकानाकडे, लेखकाला फक्त खपाचे आकडे. पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पानावर स्वतःच्या ईमेल यादीची लिंक टाका, एखादी जादा कथा फुकट द्या, सिलेक्टमध्ये राहूनसुद्धा हे करता येतं. ती यादी असली तर दुकान बदललं तरी वाचक सोबत येतो.

शाईचा_डाग:
यादीचं डोक्यातच नव्हतं. पण माझ्या दोन्ही कादंबऱ्या सुट्या आहेत, मग तिसरी पहिलीचा पुढचा भाग म्हणून वळवू का?

अर्धविराम:
पहिली शेवटपर्यंत किती जणांनी वाचली ते आधी सांगा. राजीनामा तोवर खिशातच ठेवा.