मदत हवी आहे: हायबरनेट पोस्टग्रेसवरून ओरॅकलवर नेताना तारखा आणि मराठी मजकूर अडतोय

नमस्कार मंडळी,

थोडं लांब झालंय, पण सगळं एकदाच लिहिते म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

आमचं सभासद नोंदणी आणि व्यवहार बघण्याचं सॉफ्टवेअर आहे, जावा, स्प्रिंग बूट, हायबरनेट ६ (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारी लायब्ररी) आणि खाली पोस्टग्रेस डेटाबेस. पतसंस्थांमध्ये चालू आहे आणि नीट चालू आहे. आता पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नागरी सहकारी बँकेला तेच हवंय, पण त्यांच्याकडे ओरॅकल १९सी डेटाबेस, टेबलं जुनी, त्यावर ओरॅकल फॉर्म्सची स्क्रीन आणि पीएल/एसक्यूएलची पॅकेजं (डेटाबेसमध्येच चालणारा कोड) आधीपासून चालतात, त्यामुळे त्यांच्या डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या, साहेबांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं की टेबलं आहेत तशीच राहणार, तुमचं सॉफ्टवेअर त्यावर बसवा. त्यांचं म्हणणं मला पटतं, रोजचं कॅश काउंटर त्या टेबलांवर चालतं, तिथे कोणी ऐऱ्यागैऱ्याने हात घालू नये.

डायलेक्ट (हायबरनेटचा त्या त्या डेटाबेसची बोली जाणणारा क्लास) ओरॅकलचा दिला की काम झालं असं सगळीकडे वाचायला मिळतं, आणि बरंचसं होतंही. पेजिंगला फेच फर्स्ट येतं, आयडी देणाऱ्या सिक्वेन्सचा नेक्स्टव्हॅल येतो, क्वेरीतल्या इनच्या यादीत हजारावर आयडी गेले की ओरॅकल जो ओरा-०१७९५ देतं तो हायबरनेट स्वतःच तुकडे पाडून टाळतं. हो-नाहीचे कॉलम तिथे एका अक्षराचे आहेत, वाय नाहीतर एन, त्याला येसनोकन्व्हर्टर लावला, मिटलं. सिक्वेन्सचं असं की हायबरनेट डिफॉल्ट ५० चा अलोकेशन साइझ (एका वेळी राखून घ्यायचे आयडी) धरतं आणि त्यांची सिक्वेन्स १ ने वाढते. ॲप सुरू होतानाच दोन्ही जुळत नाहीत म्हणून एरर आला, मग अलोकेशन साइझ १ केला, कारण तीच सिक्वेन्स फॉर्म्सवालेही वापरतात.

खरी अडचण पुढे आहे.

पहिलं, तारखा. व्यवहारांचं टेबल तारखेवर महिनावार पार्टिशन केलेलं (वेगळ्या भागांत ठेवलेलं) आहे, कॉलम डेट प्रकारचा. ओरॅकलच्या डेटमध्ये तास-मिनिट-सेकंदही असतात आणि आम्हाला वेळ लागते, म्हणून एंटिटीत (टेबलाशी जोडलेल्या जावा क्लासमध्ये) लोकलडेटटाइम घेतलंय. एका दिवसाचे व्यवहार मागितले की स्क्रीन गोल फिरत बसते. तीच क्वेरी लॉगमधून उचलून एसक्यूएल डेव्हलपरमध्ये टू_डेटने तारीख देऊन चालवली तर चटकन येते. इंडेक्स आहे, स्टॅटिस्टिक्स ताजे आहेत, डीबीए साहेब म्हणतात डेटाबेसमध्ये दोष नाही, तुमचं हायबरनेट काहीतरी करतंय. प्लॅनमध्ये (ओरॅकल क्वेरी कशी चालवतं त्याच्या तक्त्यात) पार्टिशन रेंज ऑल दिसतंय, म्हणजे एका दिवसासाठी सगळी पार्टिशनं वाचली जातायत.

दुसरं, मराठी मजकूर. व्यवसायाच्या कॉलमची लांबी ३० आहे. शेतकरी सेव्ह होतं, दुकानदार होतं, मुख्याध्यापक टाकलं की ओरा-१२८९९, व्हॅल्यू टू लार्ज, प्रत्यक्ष ३६ आणि कमाल ३०. जावात त्याच शब्दाची लांबी १२ येते त्यामुळे आमच्या व्हॅलिडेशनला काहीच खटकत नाही आणि काउंटरवरच्या माणसाला थेट लाल एरर दिसतो. इंग्रजीत भरायचे तेव्हा हा प्रश्न कधी आला नसणार, पण आता बँकेला सभासदांची माहिती मराठीतच हवी आहे आणि ती तशी असावी असं मलाही मनापासून वाटतं.

तिसरं, रिकाम्या स्ट्रिंग. वडिलांचं किंवा पतीचं नाव हा कॉलम नॉट नल आहे, पोस्टग्रेसवर आम्ही तिथे रिकामी स्ट्रिंग टाकत होतो, इथे ओरा-०१४००, म्हणजे नल चालणार नाही असा एरर, येतो.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं आहे की सगळीकडे नेटिव्ह क्वेऱ्या, म्हणजे थेट त्या त्या डेटाबेसच्या एसक्यूएलमध्ये, लिहून मोकळं व्हा. मला ते नको आहे. एंटिटी एकच राहावी, पतसंस्थांना पोस्टग्रेस आणि बँकेला ओरॅकल, आणि ओरॅकलचं जे वेगळेपण आहे ते एका जागी बसावं. नाहीतर पुढच्या प्रत्येक बदलाला दोन ठिकाणी हात लागणार आणि एक दिवस दोन्ही वेगळ्या दिशेला जाणार. असं कोणी केलंय का? कुठून सुरुवात करू?

— ओसरीवरून


जुना डीबीए:

ताई, आधी तारखेचं बघू, कारण त्याचं कारण प्लॅनमध्येच लिहिलेलं असतं. डीबीएमएस_एक्सप्लॅनचा डिस्प्ले_कर्सर चालवा आणि नुसता वरचा तक्ता न बघता खालचं प्रेडिकेट इन्फर्मेशन (क्वेरीतल्या अटींचा भाग) वाचा. तिथे तुमच्या तारखेच्या कॉलमभोवती इंटर्नल_फंक्शन असा शब्द दिसतो का ते सांगा.


ओसरीवरून:

हो दादा, दिसतंय! फिल्टरच्या ओळीत इंटर्नल_फंक्शन, कंसात कॉलम, आणि पुढे बाइंड (क्वेरीला आम्ही बाहेरून दिलेली किंमत). हे आम्ही कुठेच लिहिलेलं नाही.


जुना डीबीए:

तुम्ही लिहिलेलं नाही, ओरॅकलने घातलंय. लोकलडेटटाइम हायबरनेट जेडीबीसीला (जावा आणि डेटाबेस यांच्यातल्या जोडणीला) टाइमस्टॅम्प म्हणून देतं. आता एका बाजूला डेट आणि दुसऱ्या बाजूला टाइमस्टॅम्प आला की ओरॅकल नेहमी डेटला टाइमस्टॅम्प करतं, उलटं करत नाही, कारण उलटं केलं तर सेकंदाचे अपूर्णांक गळतील आणि उत्तर चुकेल. म्हणजे रूपांतर तुमच्या कॉलमवर होतं, प्रत्येक ओळीवर. कॉलमवर फंक्शन चढलं की साधा इंडेक्स गेला आणि पार्टिशन गाळणंही गेलं. एसक्यूएल डेव्हलपरमध्ये तुम्ही टू_डेट दिलंत, दोन्ही बाजूंना डेट, म्हणून तिथे पळते. डेटाबेसही बरोबर आहे आणि हायबरनेटही, दोघांच्या मधला सांधा नीट बसलेला नाही.

कोणी तुम्हाला मॅपडेटटूटाइमस्टॅम्प नावाची ड्रायव्हरची प्रॉपर्टी बदला म्हणेल, ती डेट कॉलम वाचून आणताना कामाची, बाइंडला उपयोग नाही. कॉलमला ट्रंक (वेळ कापून नुसती तारीख ठेवणारं फंक्शन) लावा असंही कोणी सांगेल, तो तर त्याच खड्ड्यात दुसऱ्या बाजूने उडी मारण्याचा प्रकार.


प्लॅन वाचणारा:

वरच्या दादांनी कारण सांगितलं, मी हायबरनेटची बाजू सांगतो, आमच्याकडे विम्याच्या प्रोजेक्टला हेच केलंय.

तुम्हाला एक जागा हवी आहे ना, ती जागा म्हणजे तुमचा स्वतःचा डायलेक्ट. ओरॅकलडायलेक्ट एक्स्टेंड करून छोटासा क्लास लिहा, त्यात काँट्रिब्यूटटाइप्स ओव्हरराइड करा, आधी सुपर बोलवा (हे विसरलं की ओरॅकलचे बाकीचे टाइप गायब होतात आणि भलतीकडेच शोधत बसावं लागतं), मग टाइमस्टॅम्पच्या कोडसाठी स्वतःचा जेडीबीसीटाइप रजिस्टर करा. तो टाइमस्टॅम्पजेडीबीसीटाइपवरून काढायचा आणि फक्त बाइंडर बदलायचा: सेटटाइमस्टॅम्पऐवजी सेटऑब्जेक्ट, आणि आत ओरॅकलच्या ड्रायव्हरमधला ओरॅकल डॉट एसक्यूएल डॉट डेट हा क्लास, जो टाइमस्टॅम्पवरून थेट बनतो. वाचायची बाजू जशीच्या तशी. आता बाइंड डेट म्हणून जातो, तास-मिनिट-सेकंद शाबूत राहतात, इंटर्नल_फंक्शन निघून जातं. एंटिटीला हात नाही, पोस्टग्रेसवाल्या बिल्डला याचा पत्ताही लागत नाही, कारण तिथे डायलेक्टच वेगळा. हा क्लास वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवा म्हणजे ओरॅकलचा ड्रायव्हर पतसंस्थांच्या बिल्डमध्ये ओढला जाणार नाही.

एक सांभाळा. ओरॅकलच्या डेटमध्ये सेकंदाचे अपूर्णांक बसत नाहीत. तुमच्या स्वतःच्या ऑडिटच्या टेबलात खरेखुरे टाइमस्टॅम्प कॉलम असतील तर तेही या बदलात सापडतील आणि मिलिसेकंद गुपचूप कापले जातील, एरर येणार नाही. अशा फील्डवर जेडीबीसीटाइपच्या ॲनोटेशनने मूळचा टाइमस्टॅम्पजेडीबीसीटाइप स्पष्ट लिहा. पोस्टग्रेसवर तोच चालतो, त्यामुळे तिकडे फरक पडत नाही.


निळी शाई:

मराठी मजकुरावर मी लिहिते, कारण यात लोक घाईने चुकीच्या वाटेला जातात.

आधी डीबीएंकडून कॅरेक्टर सेट विचारा, एनएलएस_डेटाबेस_पॅरामीटर्समध्ये असतो. ३६ बाइट मोजले गेले म्हणजे बहुतेक एएल३२यूटीएफ८ (ओरॅकलचा यूटीएफ-८) असणार, त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं धरून. मुख्याध्यापकमध्ये अशी १२ चिन्हं, १२ त्रिक ३६. तुमचा कॉलम ३० बाइटचा आहे, ३० अक्षरांचा नाही. ओरॅकलमध्ये नुसतं व्हारकॅर२ आणि ३० लिहिलं की डिफॉल्ट बाइट धरतं. हायबरनेट स्वतः टेबल बनवतं तेव्हा लांबीपुढे कॅर लिहितं, म्हणून ज्यांनी टेबलं हायबरनेटकडून बनवून घेतली त्यांना हा प्रश्न भेटतच नाही.

चुकीची वाट कुठली, तर युनिकोड म्हटलं की सगळ्या स्ट्रिंग नॅशनलाइज्ड (ओरॅकलच्या वेगळ्या युनिकोड प्रकारच्या, एनव्हारकॅर२) करून टाकायच्या. हायबरनेटला तशी एक ग्लोबल सेटिंग आहे, ती लावू नका. ती लावली की बाइंड एनव्हारकॅर२ जातो, तुमचा कॉलम व्हारकॅर२, आणि वर दादांनी तारखेचं जे सांगितलं तेच इथे होतं, प्लॅनमध्ये कॉलमभोवती सिस_ओपी_सी२सी येतं आणि नावावरचा इंडेक्स बसतो घरी. नॅशनलाइज्ड तेव्हाच, जेव्हा डेटाबेसचा कॅरेक्टर सेट जुना एकबाइटी असेल आणि कॉलम खरंच एनव्हारकॅर२ असेल.

खरा उपाय डीबीएंशी बोलूनच होईल. कॉलम ३० बाइटवरून ३० कॅर करायला साधा आल्टर टेबल मॉडिफाय लागतो, साठवलेल्या ओळी पुन्हा लिहिल्या जात नाहीत. त्यांनी एक बघावं, पीएल/एसक्यूएलमध्ये कुठे ३० लांबीचे व्हेरिएबल ठोकून लिहिलेत का, तिथे टाइप अँकर (कॉलमचाच प्रकार आणि लांबी आपोआप घेणं) नसेल तर तेही वाढवावे लागतील. मोठ्या रिमार्कसारख्या कॉलमला ४००० कॅर लिहिलं तरी साध्या सेटिंगमध्ये वरची मर्यादा ४००० बाइटच राहते, म्हणजे देवनागरीची साधारण १३३३ चिन्हं. आणि ते नाहीच म्हणाले तर तुमच्याकडे स्वतःचं व्हॅलिडेशन ॲनोटेशन बनवा, यूटीएफ-८ चे बाइट मोजणारं, म्हणजे काउंटरवरच्या माणसाला किमान समजेल असा मेसेज दिसेल.

आणखी एक, बँक पश्चिम महाराष्ट्रातली म्हणालात म्हणून. कऱ्हाड हे गाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवरून ऱ हे स्वतंत्र चिन्ह येतं, तेव्हा ६ चिन्हं, १८ बाइट. दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह येतं, तेव्हा ७ चिन्हं, २१ बाइट. स्क्रीनवर दोन्ही डोळ्याला सारखी, डेटाबेसला वेगळी, एकाने भरलं की दुसऱ्याला शोधून सापडत नाही. जावाचं एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं) या दोन रूपांना एक करत नाही, बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो. सेव्ह करताना आणि शोधताना, दोन्हीकडे तोच लावा.


ओसरीवरून:

ताई, कऱ्हाडचं वाचून आमच्या सपोर्टकडे आलेल्या "सभासद आहे पण सर्चमध्ये येत नाही" या तक्रारीचा उलगडा झाला, तिथली शाखा आहेच बँकेची. खूप आभार.

डायलेक्ट टेस्ट सर्व्हरवर लावला. प्रेडिकेटमधून इंटर्नल_फंक्शन गेलं, पार्टिशन रेंज ऑलच्या जागी आता पार्टिशन रेंज इटरेटर येतंय आणि फक्त मागितलेल्या महिन्याचं पार्टिशन वाचलं जातंय. डीबीए साहेबांना प्लॅन दाखवला, ते स्वतः खुर्ची ओढून बसले आणि आल्टर टेबलचं बघतो म्हणाले.

रिकाम्या स्ट्रिंगचं मात्र अजून कळत नाहीये. आणि शाखेचा कोड दहाच्या कॅरमध्ये (ठरावीक लांबीच्या कॉलममध्ये) आहे, चार अक्षरी कोडने शोधलं तर काहीच येत नाही, कॉलमला आरट्रिम (मागच्या स्पेस काढणारं फंक्शन) लावलं तर येतं. लावू का?


जुना डीबीए:

आरट्रिम लावू नका, पुन्हा कॉलमवर फंक्शन आलं. कॅरमध्ये कोड स्पेसने दहापर्यंत भरून ठेवलेला असतो आणि तुमचा बाइंड व्हारकॅर म्हणून येतो, तेव्हा ओरॅकल मागच्या स्पेसही मोजतं. तुमच्या बाजूची किंमत दहापर्यंत भरून पाठवा. कोडच्या फील्डला एक कन्व्हर्टर, लिहिताना स्पेस भरणारा, वाचताना काढणारा. पोस्टग्रेसकडे तो कॉलम व्हारकॅर असेल तर कन्व्हर्टर एंटिटीवर न लावता ओरॅकलच्या मॉड्यूलमधल्या ओआरएम एक्सएमएल मॅपिंगमध्ये लावा.

रिकाम्या स्ट्रिंगला ओरॅकलमध्ये अस्तित्वच नाही, ती नलच असते, त्यामुळे रिकाम्या स्ट्रिंगशी बरोबरीची तुलना केली तर एकही ओळ येणार नाही. हे डायलेक्टमध्ये दडवायला जाऊ नका. सीमेवरच, म्हणजे फॉर्म आणि जेसन आत येतात तिथे, रिकामं आलं की नल करा, दोन्ही डेटाबेससाठी, आणि क्वेऱ्यांमध्ये इज नल लिहा. पोस्टग्रेसमधल्या जुन्या रिकाम्या ओळी एकदा अपडेट कराव्या लागतील, त्याआधी तिथलं नॉट नल काढा. बँकेच्या त्या नॉट नल कॉलमसाठी फॉर्म्सवाले सध्या काय टाकतात ते आधी बघा, बहुतेक ठिकाणी एखादा टिंब नाहीतर डॅश टाकलेला असतो. तसं असेल तर तुम्हालाही तेच टाकावं लागेल, नाहीतर त्यांचे रिपोर्ट बिघडतील.


ओसरीवरून:

बघितलं दादा, डॅशच आहे. कोडच्या कन्व्हर्टरशेजारी याचाही कन्व्हर्टर ओरॅकलच्या मॅपिंगमध्ये टाकते, नलचा डॅश आणि डॅशचा नल. ऑडिटच्या टाइमस्टॅम्प फील्डना ॲनोटेशन लावून झालंय. डायलेक्टचा क्लास नीट साफ करून इथेच टाकते, पुढे कोणाला लागला तर.