होमस्टेडचे कामगार नदीवर जिंकले, मग संप कसा हरले?

मोनोंगाहेलाकाठी:
आईबाबा दोन महिन्यांसाठी पिट्सबर्गला आलेत. बाबा रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना मॉल दाखवण्यात अर्थ नसतो. शनिवारी मोनोंगाहेला नदीकाठी होमस्टेडच्या वॉटरफ्रंटला गेलो. आम्ही जिथे गाडी लावून सिनेमाला जातो, तिथे आधी पोलादसम्राट अँड्रू कार्नेगीची आणि नंतर यूएस स्टील कंपनीची पोलादाची मिल होती. १९८६ ला बंद पडली. आता विटांची बारा धुराडी ओळीनं उभी आहेत. बाबा त्यांच्याखाली इतका वेळ रमले की सिनेमा चुकला.

मग पंपहाऊस पाहिलं. १८९२ च्या संपात, ६ जुलैला पहाटे, कंपनीनं भाड्यानं आणलेली पिंकर्टन या खासगी पहारेकऱ्यांच्या एजन्सीची ३०० माणसं दोन बार्जमधून, विंचेस्टर रायफली घेऊन, इथेच उतरायला आली होती. गावानं त्यांना दिवसभर अडवलं. दोन्हीकडची माणसं मेली आणि शेवटी पिंकर्टनवाल्यांनी शरणागती पत्करली. हे ऐकून बाबा म्हणाले, "एवढं जिंकून नोव्हेंबरात संप मागे? मधे काय झालं?" मला सांगता आलं नाही. कोणी सांगेल का? कार्नेगी चांगला की वाईट हा वाद मात्र नको, तो इथे दर सहा महिन्यांनी होतोच.

भट्टीकाका:
बाबांना नमस्कार सांगा. मीही ३१ वर्षं मिलमध्ये काढली, त्यातली नऊ युनियनच्या कमिटीवर. हे प्रकरण मी हौसेनं वाचलंय.

सगळे पगारावर बोट ठेवतात. ते भांडण होतंच. कुशल कामगारांची मजुरी टनावर, आणि ती बिलेटच्या, म्हणजे पोलादाच्या चौकोनी लांब ठोकळ्याच्या, बाजारभावाशी बांधलेली. भाव चढला की मजुरी चढायची, उतरला की उतरायची. पण भाव टनाला २५ डॉलरच्या खाली गेला तरी मजुरी २५ च्याच हिशेबानं. कंपनीला हा तळ २२ वर आणायचा होता. बोलणी होता होता कंपनी २३ वर आली आणि युनियन २४ वर. राहिला एक डॉलर! एका डॉलरसाठी कोणी मिलभोवती फळ्यांचं उंच कुंपण घालून, वर काटेरी तार लावून, त्याला बंदुकीच्या नळीएवढी भोकं पाडून ठेवत नाही. कार्नेगीच्या वतीनं कंपनी चालवणाऱ्या हेन्री फ्रिकवरून गावानं त्याला 'फोर्ट फ्रिक' असं नावच ठेवलं होतं.

खरी गोम तारखेत होती. जुना करार ३० जूनला संपत होता. फ्रिकला नवा करार ३१ डिसेंबरला संपणारा हवा होता. आमच्या कमिटीत नवा पोरगा आला की मी पहिलं हेच विचारायचो, करार कोणत्या महिन्यात संपतो? पेनसिल्व्हेनियाच्या जानेवारीत, बाहेर बर्फ आणि घरात कोळशाला पैसे नाहीत, अशात माणूस किती दिवस संप ओढेल? जूनमध्ये निदान परसात भाजी तरी असते. म्हणजे या वेळी नाही तर पुढच्या वेळी मोडायचंच, असा तो हिशेब होता. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडला. १८८६ ला याच माणसानं कामगारांच्या संघटनेचा हक्क पवित्र आहे असं लिहिलं होतं. (वाद नको म्हणालात, म्हणून इथेच थांबतो.)

आता नदीचं. ६ जुलैला कामगारांनी जिंकला तो काठ. १२ जुलैला राज्याचा गव्हर्नर पॅटिसननं पाठवलेली मिलिशिया, म्हणजे राज्याची फौज, आली, आठ हजारांवर माणसं. गावाला वाटलं, सरकार आलं म्हणजे निवाडा होणार. त्यांनी बँड लावून स्वागताची तयारी केली होती हो! मिलिशियाचा प्रमुख जनरल स्नोडेननं ते झिडकारलं. मग त्याच सैन्याच्या पहाऱ्यात बदली माणसं आत गेली आणि भट्ट्या पेटल्या. तिकडे जवळच्या ब्रॅडॉकची कार्नेगीचीच मिल चालूच होती, तिथली युनियन कंपनीनं काही वर्षांपूर्वीच मोडलेली. पुढाऱ्यांवर खून आणि राजद्रोहाचे खटले भरले. ज्यांचे खटले चालले त्यांना ज्युरीनं सोडलं, पण जामीन आणि वकिलांत युनियनची तिजोरी आटली.

एक गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. जवळपास ३,८०० कामगारांत युनियनचे सभासद ८०० च्या आसपास. बाकीच्यांचा, म्हणजे हमाली करणाऱ्या स्लोव्हाक वगैरे लोकांचा, त्या २३-२४ डॉलरशी काडीचा संबंध नव्हता, तरी ते बाहेर पडले आणि साडेचार महिने राहिले. नोव्हेंबरात त्यांनीच 'आम्हाला संपात साथ देण्याच्या शपथेतून मोकळं करा' म्हणून विनवलं. दोन दिवसांनी, २० तारखेला, युनियननं संप मागे घेतला. मी त्यांना फितूर म्हणणार नाही. हिवाळा दारात होता.

अबोली_क:
मी तर ऐकलं होतं की फ्रिकवर गोळ्या झाडल्या म्हणून संप बुडाला?

भट्टीकाका:
त्यानं सहानुभूती घालवली हे खरं. पण बर्कमननं गोळ्या झाडल्या २३ जुलैला, आणि मिलिशिया येऊन अकरा दिवस झाले होते. शिवाय तो मिलचा कामगारच नव्हता, न्यूयॉर्कहून आलेला अराजकवादी. दोन गोळ्या आणि वर भोसकलेलं, तरी फ्रिक वाचला.

साकचीकर:
थोडं अवांतर. माझे आजोबा जमशेदपूरला नोकरीला होते म्हणून सांगतो. १९०२ ला जमशेटजी टाटा अमेरिकेत ज्युलियन केनेडी या इंजिनिअरला भेटले, तो पूर्वी कार्नेगीच्या मिलांमध्ये सुपरिंटेंडेंट होता. पुढे त्याच्याच फर्मनं साकचीचा, म्हणजे आताच्या जमशेदपूरचा, टाटांचा पोलाद कारखाना उभारला. त्या कारखान्यात १९१२ ला आठ तासांची पाळी आली. यूएस स्टीलनं बारा तासांची पाळी सोडायला १९२३ उजाडावं लागलं.

भट्टीकाका:
साकचीकर, हे अवांतर कसलं, हाच मुद्दा आहे. युनियन गेली आणि होमस्टेडला बारा तास पक्के झाले. त्यात दिवसपाळी-रातपाळी बदलताना पंधरवड्याला एकदा सलग चोवीस तास. मी उमेदीत दोन पाळ्या सलग केल्यात, तेव्हा सोळाव्या तासाला लाल बिलेट दोन दिसायला लागायचं.

मोनोंगाहेलाकाठी:
सगळ्यांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं. ३१ डिसेंबरला थांबवून म्हणाले, "ते परत वाच." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आता ब्रॅडॉकला जायचं म्हणतात, तिथली मिल अजून चालू आहे ना. आत सोडणार नाहीत असं सांगितलं, तर म्हणाले, "गेटवर वास तर येईल."