विषय : आवारातील सौर दिवे रात्री अकरालाच विझतात

क-२०३, सकाळी ७.१२
सर्वांना नमस्कार. काल रात्री आम्ही गड्ड्याच्या जत्रेवरून परतलो तेव्हा बारा वाजत आले होते आणि कमानीपासून क इमारतीपर्यंत एकही दिवा चालू नव्हता. ड्रेनेजच्या वर आलेल्या झाकणाला ठेच लागून सासूबाई पडल्या. हाड शाबूत आहे, पण गुडघा सुजला आहे आणि आज त्यांना जिना उतरवत नाही. हीच तक्रार मी गणपतीत केली होती, दिवाळीत पुन्हा केली. आणखी कोणी पडण्याआधी समितीने निर्णय घ्यावा, अशी कळकळीची विनंती आहे.

सचिव, सकाळी ७.४०
वहिनी, सायंकाळी विचारपूस करायला येतोच. चौदा खांबांपैकी अकरा दिवे रात्रभर टिकत नाहीत, ही नोंद माझ्याकडे आहे आणि रविवारच्या सभेत हाच पहिला विषय घेत आहोत. सदस्यांनी आपल्या सूचना येथे लेखी द्याव्यात. कृपया या विषयाखाली संक्रांतीच्या शुभेच्छा आणि विनोदी चित्रे पाठवू नयेत. काल त्यांत दोन कामाचे संदेश हरवले.

ब-१०४, सकाळी ७.५५
पॅनेल पुसणार कोण, हे आधी ठरवा. पाऊस जाऊन तीन महिने झाले. तेव्हापासून एकाही पॅनेलला फडके लागलेले नाही.

अ-४०१, सकाळी ८.२०
मुळात हे दिवे निवडले कोणी आणि कशाच्या आधारावर, हे नव्या सदस्यांना कळायला हवे. खोक्यावर ९० वॉट छापलेले आहे, आणि प्रकाश एवढाच की खांबाखाली उभे राहूनही कुलपाचे भोक सापडत नाही.

ब-३०१, सकाळी ८.३३
निवड आमच्या समितीने केली, हे आपल्याला ठाऊक असताना आपण असे विचारता याचे वाईट वाटते. तीन कोटेशन मागवली होती. मेंटेनन्स वाढू देणार नाही असा आग्रह ज्यांनी धरला, त्यांत आपणही होता, म्हणूनच सर्वांत कमी दराचे घेतले गेले.

अ-४०१, सकाळी ८.४१
काका, खापर कोणी फोडत नाही. परंतु वॉरंटी कार्ड कार्यालयाच्या फायलीत नाही, हेही खरेच ना?

ब-३०१, सकाळी ८.४४
ते मी तेव्हाच्या खजिनदारांना सहीनिशी दिले होते. यापुढे या मुद्द्यावर मी बोलणार नाही.

क-१०२, सकाळी ९.१०
मी शेतातील सौर पंपांच्या जोडणीचे काम करतो, म्हणून गेल्या रविवारी वॉचमनच्या मदतीने सहा क्रमांकाचा दिवा उतरवून घरी उघडला. जे दिसले ते सांगतो. वरच्या पॅनेलवर पिठाच्या गिरणीत बसते तशी धूळ होती. बोट फिरवले तर काचेवर लख्ख रेघ उठली. आतली रबरी पट्टी एका कोपऱ्यात फाटलेली आहे. तिथून पाणी शिरून सर्किटवर हिरवट गंज चढला आहे आणि बॅटरीतील दोन सेल फुगले आहेत. पॅनेल जेमतेम १५ वॉटचे आहे. हिशेब साधा आहे. चांगले ऊन ५ तास धरले तर असे पॅनेल दिवसाला ७५ वॉट-तास देते आणि धूळ, उष्णता व चार्जिंगमधील घट वजा जाता हाती ५० उरतात. आतला एलईडी प्रत्यक्षात १० वॉट घेतो, म्हणजे पाच तास. सहाला लागलेला दिवा अकराला विझणारच. त्याच्या पोटात तेवढेच आहे. खोक्यावरचे ९० वॉट कशाचे, ते मला आत कोठेही सापडले नाही. काकांनी तेव्हा खोके वाचून विश्वास ठेवला. बहुतेक सोसायट्या तेच करतात.

ब-३०१, सकाळी ९.२५
धन्यवाद, दादा. दिवा उघडून पाहण्याचे मलाही तेव्हा सुचले नाही.

अध्यक्ष, सकाळी १०.०५
माझे मत वेगळे आहे. खांबाखांबावर बॅटऱ्या सांभाळत बसण्यापेक्षा अ इमारतीच्या छतावर पॅनेल बसवून नेट मीटरिंग करावे, म्हणजे दिवसा तयार झालेली वीज महावितरणला देऊन ती आपल्या बिलातून वजा करून घ्यावी, आणि रस्त्यावर साधे विजेचे एलईडी लावावेत. पीएम सूर्य घर योजनेत २०२४ पासून गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॉटचे पॅनेल आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट देते. रस्त्यावरचे सर्व दिवे त्यात जवळजवळ भागतील.

अ-४०१, सकाळी १०.१८
साहेब, छत आमच्या इमारतीचे, गळती आमच्या घरात आणि दिवे सर्वांचे, असे व्हायला नको. मागच्या वर्षी पाण्याच्या टाकीसाठी पाडलेली छिद्रे अजून बुजवलेली नाहीत. शिवाय उन्हाळ्यात सगळ्या बायका कुरडया आणि पापड वाळवायला त्याच गच्चीवर येतात. त्यांनी कोठे जायचे?

क-२०३, सकाळी १०.२६
कुरडयांची सोय क इमारतीच्या गच्चीवर होईल, ताई. आधी रस्त्यावर उजेड पडू द्या.

ब-१०४, सकाळी १०.३०
पॅनेल छतावर ठेवा किंवा खांबावर, पुसणार कोण, हे आधी ठरवा.

क-१०२, सकाळी ११.०२
अध्यक्ष साहेबांची सूचना वीजबिलासाठी उत्तम आहे आणि लिफ्ट व पंपासाठी ती आपण अवश्य करावी. रस्त्यासाठी मात्र दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, बॅटरी नसलेली नेट मीटरिंगची यंत्रणा महावितरणचा पुरवठा गेला की आपोआप बंद होते. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. म्हणजे लाइट जाते त्याच रात्री, जेव्हा दिव्याची खरी गरज असते, रस्ता अंधारात राहील. दुसरी अडचण केबलची. ड्रेनेजच्या खोदाईत जमिनीखालची जुनी केबल चार ठिकाणी तुटली, म्हणूनच तर आपण सौर दिव्यांकडे वळलो होतो. नवी केबल टाकायची तर पेव्हर ब्लॉक पुन्हा उचलावे लागतील.

अध्यक्ष, सकाळी ११.१५
केबलचा मुद्दा रास्त आहे. मग तुमच्या मते घ्यायचे काय, ते सविस्तर लिहावे.

क-१०२, दुपारी १.४०
जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे. पॅनेल, दिवा आणि बॅटरी एकाच डब्यात असलेला प्रकार टाळावा. त्यात पॅनेल जवळजवळ आडवे असते, त्यामुळे धूळ साचून राहते, आणि मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो तेव्हा तापलेल्या पॅनेलखाली बॅटरी अक्षरशः शिजते. पॅनेल वेगळे, दक्षिणेकडे तोंड करून १५ ते २० अंश कललेले असावे. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असावी. ती उष्णता अधिक सोसते आणि लेड-ॲसिडच्या कित्येक पट वेळा चार्ज होते. तिचा डबा पॅनेलच्या सावलीत, पण हवा खेळेल इतके अंतर राखून, खांबावर उंचावर बसवावा. खाली ठेवलेली बॅटरी चोरीला जाते.

मापाचा हिशेबही देतो. सध्या रात्र तेरा तासांची आहे. १२ वॉटचा दिवा रात्रभर जळला तर १५६ वॉट-तास लागतात. १२.८ व्होल्ट, ३० अँपिअर-तासाची बॅटरी ३८४ वॉट-तास साठवते आणि त्यातले ८० टक्केच वापरायचे ठरवले तरी ३०७ मिळतात, म्हणजे जवळजवळ दोन रात्री. अकरानंतर प्रकाश निम्मा होईल असा कंट्रोलर घेतला तर पावणेतीन रात्री निघतात, आणि सप्टेंबरातल्या सलग ढगाळ दिवसांत तेच कामी येते. पॅनेल ७५ वॉटचे हवे. कोटेशनमध्ये दुकानदाराने दिव्याचे ल्युमेन (म्हणजे प्रत्यक्ष प्रकाश किती पडतो ते), पॅनेलचे वॉट आणि बॅटरीचे अँपिअर-तास वेगवेगळे लिहून द्यावेत. नुसते वॉट लिहिलेले कोटेशन परत पाठवावे.

ब-२०२, दुपारी २.०५
दादा, एक विनंती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मला हा निळसर पांढरा झोत सोसत नाही. प्रकाश थोडा पिवळसर मिळेल का?

क-१०२, दुपारी २.१२
मिळेल, मावशी. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळसर. ६५०० केल्विनऐवजी ३००० ते ४००० केल्विनचा मागू. डोळ्यांत कमी खुपेल आणि पाखरेही कमी येतील.

अ-२०४, दुपारी २.३०
नऊ आणि दहा क्रमांकाचे खांब निंबाखाली आहेत. तिथे काहीही बसवले तरी चालणार नाही. माझे आधीपासूनचे म्हणणे आहे की ते झाड छाटावे, शिवाय त्याचा सगळा पाला माझ्या गाडीवर पडतो.

क-२०३, दुपारी २.३४
ते झाड सासूबाईंनी लावलेले आहे आणि दुपारी तुमची गाडी त्याच्याच सावलीत उभी असते, भाऊ. झाडाला हात लावू देणार नाही.

क-१०२, दुपारी २.५०
झाड छाटण्याची गरज नाही. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी पूर्ण पॅनेलची वीज बरीच घटते, कारण आतील सेल एकामागे एक जोडलेले असतात. म्हणून त्या दोन खांबांवर सौर दिवे लावूच नयेत. जवळच्या पंपघरातून भिंतीवरून वायर नेऊन तिथे विजेचे दिवे लावावेत.

ब-१०४, दुपारी ३.१०
सर्वांचे वाचले. पॅनेल पुसणार कोण, हे आधी ठरवा.

सचिव, दुपारी ३.४५
आजोबा, आपला मुद्दा सकाळपासून तिसऱ्यांदा वाचतो आहे आणि त्याला उत्तर न देणे ही माझी चूक झाली. पंधरा दिवसांतून एकदा वॉचमनने लांब दांडीच्या फडक्याने पॅनेल पुसावेत आणि त्याचा वेगळा मोबदला मेंटेनन्समधून द्यावा, असा ठराव मी स्वतः मांडतो.

ब-१०४, दुपारी ३.५२
सकाळी काच थंड असताना पुसावे. बोअरचे पाणी वापरू नये, पांढरे डाग पडतात. पिण्याच्या पाण्यात ओले केलेले फडके पुरे.

ब-३०१, दुपारी ४.००
सकाळी मी बोलणार नाही म्हणालो होतो, तरी एक सुचवतो. चौदा दिवे एकदम घेऊ नयेत. कमानीजवळ आणि क इमारतीसमोर असे दोनच आधी लावावेत आणि येत्या पावसाळ्यात सलग ढगाळ रात्री ते टिकतात का, ते पाहून मग उरलेले घ्यावेत.

अ-४०१, दुपारी ४.०८
काकांच्या सूचनेला माझे अनुमोदन आहे.

सचिव, सायंकाळी ५.३०
तोपर्यंत कमानीच्या खोलीतून तात्पुरती वायर ओढून आजच एक बल्ब लावतो आहोत. ड्रेनेजचे झाकण उद्या सकाळी गवंडी येऊन बसवणार आहे. वहिनी, मी सातच्या सुमारास येतो, सासूबाईंना कळवावे.