पश्चात्ताप केवळ सवलतीतल्या खरेदीचा नसतो

संगीत ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या प्लगइनांपैकी, म्हणजे पूरक प्रोग्रामांपैकी, सवलतीच्या मोहात घेतलेल्यांचाच पुढे पश्चात्ताप होतो, हे आपले मत मला अर्धेच पटते. माझी सर्वांत मोठी चूक म्हणजे पूर्ण विचारांती घेतलेली वाद्यवृंदाची एक सॅम्पल लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या मुद्रित स्वरांच्या नमुन्यांचा संच. तिच्या प्रात्यक्षिकातील व्हायोलिन ऐकून मी भारावून गेलो होतो. परंतु ती सुरावट जिवंत वाटण्यामागे मिडीच्या (संगणकाला वादनाच्या सूचना देणाऱ्या पद्धतीच्या) 1 आणि 11 क्रमांकांच्या कंट्रोलरने हाताने रेखलेले आवाजाचे चढउतार आणि वादनप्रकार बदलणाऱ्या की-स्विचांची (त्यासाठी राखलेल्या कळांची) दीर्घ मेहनत होती, हे मला नंतर उमगले. लेगाटोचे, म्हणजे एकमेकांत जोडून वाजणारे, स्वर किंचित उशिरा उमटत असल्याने ते एकेक करून थोडे आधीच्या वेळेवर सरकवावे लागत, आणि तेवढ्यात सुचलेली चाल विरून जाई. शिवाय 24 बिट, 48 किलोहर्ट्झ स्टिरिओ ध्वनीचे एक मिनिट सुमारे 17 मेगाबाइट जागा घेते. त्यात प्रत्येक मायक्रोफोनचे नमुने वेगळे, म्हणून संगणकाची स्मृतीही लवकरच अपुरी पडली. परवाना हस्तांतरणीय नव्हता, म्हणजे तो दुसऱ्या कुणाला देता येत नव्हता; ही अट मी आधी वाचायलाच हवी होती. कंप्रेसर (आवाजातील चढउतार आवरणारे साधन) आणि इक्वलायझर (खर्ज ते तार स्वरांचा समतोल साधणारे साधन) वेगळे विकत घेऊ नयेत, हे आपले म्हणणे मात्र योग्य आहे: रेकॉर्डिंगच्या मूळ सॉफ्टवेअरमधील साधनेच मला आजवर पुरेशी ठरली आहेत.